खवलूचा तिसरा सामना

बालाघाट,
१६ एप्रिल

प्रिय लोकेश,

पाकिटावरचं अक्षर ओळखून तू हे पत्र बाजूला टाकणार नाहीस, एवढं गृहीत धरून लिहायला बसले आहे. फोनवर हे सांगता आलं नसतं. अनुसयामावशीचं नाव निघालं की तू "इथं नेटवर्क जाते" म्हणतोस आणि फोन ठेवतोस. मलाजखंडचं नेटवर्क तुझ्या आईच्या नावालाच नेमकं कसं जातं, हे विचारायची मला आजवर हिंमत झाली नाही. व्हॉट्सअ‍ॅपवर तीनदा लिहिलं आणि तीनदा पुसलं. कागदावर खोडलं तरी खोडलेलं दिसतं, म्हणून कागद घेतला. आणि मराठीत लिहितेय, कारण तुमसरला मामाकडे दहावीपर्यंत शिकले तेव्हापासून मनातलं लिहायचं म्हटलं की मला हीच भाषा येते. तू म्हणायचास, आनंदी हिंदीत भांडते आणि मराठीत रडते. तसं समज.

आधी तुझ्या बहिणीची, रीनाची खबर, कारण तू तीच विचारतोस. खाटेपासून दारापर्यंत ती आता भिंतीला धरून एकटी जाते. उजवा पाय ओढतो. उजवा हात कोपरात दुमडलेलाच असतो, मूठ मिटलेली. व्यायाम शिकवायला ज्योत्स्नाबाई आठवड्यातून दोनदा येतात, त्या तिचं एकेक बोट उघडतात आणि सोडलं की मूठ परत मिटते. बोलणं तेवढंच आहे, तीन शब्द: हौ, नोको, आई. महिन्यातून एकदा रक्त चढवायला मावशी तिला सकाळच्या गाडीने गोंदियाला नेते आणि संध्याकाळी आणते. त्या दिवशी दोघी इतक्या दमलेल्या असतात की भात मी लावते. मावशीने शाळेतलं मध्यान्ह भोजनाचं काम सोडलं, हे तुला मी सांगितलं होतं. तुला पटलं होतं ते. तू म्हणाला होतास, "हेच आधी करायले पाहिजे होतं तिनं." मी ऐकून घेतलं होतं.

चौदा तारखेला तू येशील असं मावशीला वाटत होतं. मला बोलली नाही, पण रीनाला तिने नवा पांढरा ड्रेस घातला, वेणी घातली आणि दुपारपासून दारात खुर्ची टाकून बसवून ठेवलं. मिरवणूक आपल्या गल्लीतून गेली, धम्मपालकाकांनी दोघींना पेढा दिला, निळ्या गुलालात सगळी पोरं ओळखू येईनाशी झाली. प्रत्येक उंच पोराकडे मावशी मान लांब करून बघत होती. मग खुर्ची आत घेतली. मला म्हणाली, "ड्युटी लागली असंल त्याची." मी हौ म्हटलं.

तुला तो फोन आठवतो ना, जो तू मलाजखंडला जाताना रीनाला देऊन गेलास? काचेवर कोपऱ्यात चीर गेलेला. अकरावीत तिच्या कमरेत आणि मांड्यांत कळा सुरू झाल्या आणि तीन आठवडे ती दवाखान्यात पडून होती, तेव्हा शेजारच्या खाटेवरच्या, नर्सिंग शिकणाऱ्या एका मुलीने त्या फोनवर तो खेळ टाकून दिला. जीवसंग्राम. तू त्याला "किड्यामकोड्यांची कुस्ती" म्हणायचास. खरं सांगायचं तर मीही तेच म्हणायचे. प्रत्येकाने चार प्राणी निवडायचे, समोरच्यानेही चार, आणि पाळीपाळीने एकमेकांवर सोडायचे. पोरं आगीचे वाघ घेतात, विजेचे ससाणे घेतात. रीनाने घेतला खवलू. आपल्या जंगलातल्या खवल्या मांजरासारखा दिसणारा, मातकट, आखूड पायांचा, सगळ्यात संथ. त्याच्या हातून कोणी मरत नाही. खेळणाऱ्या लोकांनी सगळ्या प्राण्यांची जी उतरंड लावली आहे तिच्यात तो तळाला. मी विचारलं, काहून घेतला वं हा? ती म्हणाली, "ताई, मार बसला का तो गोल होते. मी पन दुखाले लागलं का गोलच होतो ना." आणि हसली. ती दुखणं असं सांगायची की ऐकणाऱ्याला हसावं लागायचं.

मी तुमच्या घरी तेव्हाही येत होते, हे तुला चालत नव्हतं हे मला ठाऊक आहे. सिकलसेलच्या शिबिरात आपल्या दोघांची कार्डं एकाच टेबलावर मिळाली होती. तुझ्यावर वाहक, माझ्यावर वाहक. आपल्या लग्नासाठी त्याचा अर्थ काय, हे रीनाला लहानपणापासून पाहणाऱ्या दोघांना कोणी समजावून द्यायची गरज नव्हती. वैनगंगेच्या घाटावर आपण अर्धा तास बसलो असू. तू म्हणालास, "आपल्या घरात अजून एक रीना नोको." मीही मान हलवली. महिन्याभरात तू नोकरीला मलाजखंडला गेलास. बरोबर केलंस. पण तू निघून गेलास तशी मला कुठे जायला जागा नव्हती, लोकेश. चौथीपाचवीच्या पोरांच्या शिकवण्या आणि घर. म्हणून मी रीनाकडे येत राहिले. सकाळी दहाला मावशी शाळेत स्वयंपाकाला जायची, ती अडीचला परतायची, आणि तेवढा वेळ आम्ही दोघी आणि खवलू.

आता हे जरा समजून घे, कारण याशिवाय पुढचं समजणार नाही. खवलूला एकच गोष्ट येते. तो तीन पाळ्या गोल होऊन पडतो. तेवढ्यात त्याला जेवढे फटके बसतील ते अर्धेच लागतात, आणि चौथ्या पाळीला उलगडला की बसलेले सगळे फटके दुप्पट करून परत देतो. ऐकायला भारी वाटतं. पण समोरचा शहाणा असला तर तो मारतच नाही. तीन पाळ्या स्वतःचं बळ वाढवत बसतो, आणि उलगडलेल्या रिकाम्या खवलूला एका फटक्यात झोपवतो. म्हणून त्याला कोणी घेत नाही. रीना यावर महिनाभर विचार करत होती. मग एक दिवस मी दारातून आत येतेय तोच म्हणाली, "ताई, आपन उलटं करून राह्यलो. खवलूले जिंकवाचं नाही. खवलूले मारायले लावाचं." सगळी चाल त्या एका वाक्यात होती. तिने डासरी घेतली, मच्छरासारखी, एका फुंकरीने मरणारी. पण डासरी चावली की समोरच्याला तीन पाळ्या दुसरं काही सुचत नाही, तो फक्त मारतो. डासरी चावणार, लगेच तिला मागे घेऊन खवलू पुढे करायचा, तो गोल होणार, आणि चावलेला वाघ त्याच्यावर धडका देत राहणार. चौथ्या पाळीला वाघ स्वतःच्याच माराने मरायचा. विष टाकणाऱ्यांसाठी पाणकी ठेवली, ती विष धुते.

यात एक भोक होतं ते मी शोधलं. हुशार लोक डासरी चावल्याबरोबर आपला प्राणी बदलायचे, आणि चावा वाया जायचा. मी दोन आठवडे वहीत प्रत्येक सामना उतरवून काढला, कोण कधी बदलतो, कशाला घाबरून बदलतो. आणि रीनाला म्हटलं, चौथी जागा जाळकीला दे. जाळकी कोळीण आहे, काहीच करत नाही, फक्त जाळं टाकते, आणि जाळ्यातला प्राणी मागे घेता येत नाही. आधी जाळं, मग चावा, मग खवलू. त्या संध्याकाळी आम्ही लागोपाठ अकरा सामने जिंकलो. रीना एवढी ओरडली की मावशी पोळी टाकता टाकता लाटणं घेऊन आली. तुला हे क्षुल्लक वाटेल. पण कार्ड हातात मिळाल्यापासून मी पहिल्यांदा काहीतरी विचार करून केलं होतं आणि ते जमलं होतं. वारासिवनीचा पवन म्हणून एक खेळणारा होता, त्याने सगळ्यांसमोर लिहिलं, ही बालाघाटवाली पोरगी खवलू घेऊन येते, सावध राहा. रीनाने ते मला चार वेळा वाचायला लावलं. मी घरी जाऊन मनातल्या मनात आणखी कितीदा वाचलं ते तिला सांगितलं नाही.

जुलैत स्पर्धा सुरू झाली. रीना जिंकत गेली, मधे दोन दिवस कळा आल्या तेव्हा पालथी पडून खेळली, आणि ऑगस्टच्या त्या गुरुवारी प्रदेशाचा शेवटचा सामना ठेवला होता, दुपारी साडेबाराला. तीनपैकी दोन जिंकायचे. जिंकणारा इंदूरला जाणार होता, देशभरातल्या खेळाडूंमध्ये बसून खेळायला, सोबत एका माणसाला नेता येणार होतं. रीनाने अर्जात माझं नाव घातलं होतं. मी गोंदिया आणि तुमसरपलीकडे कुठे गेले नव्हते. मी मैत्रिणीकडून बॅग मागून आणून ठेवली होती, हे कोणालाच माहीत नाही.

त्या दिवशी मी पावणेबाराला आले. मावशी शाळेत होती. हो, लोकेश, शाळेत होती. हे वाक्य पुन्हा वाच आणि मग पुढे जा.

पहिला सामना रीना वीस मिनिटांत जिंकली. जबलपूरचा कोणी होता समोर, त्याने खवलूवर इतके घाव घातले की उलगडल्यावर त्याचा ससाणा एका झटक्यात गेला. मधे दहा मिनिटांची सुट्टी होती. रीना म्हणाली डोकं ठणकून राह्यलं, पाणी दे. मी पेला दिला. तो तिच्या उजव्या हातातून सुटला. ओल्या सतरंजीकडे बघून ती हसली, मीही हसले, पुसून काढलं. दुसरा सामना सुरू झाला आणि ती चुका करू लागली. जाळ्याआधीच डासरी सोडली. नको तिथे पाणकी काढली. मी ओरडले तिच्यावर. म्हटलं, झोपली का वं तू, इतकं घोटून घेतलं ते कुठं गेलं? ती स्क्रीनकडे बघत बसली आणि म्हणाली, "ताई, अंगठा ऐकून नाही राह्यला." ते वाक्य तिने असं म्हटलं जसं तोंडात खडीसाखर धरली आहे. तो सामना हरलो. मी तिच्याकडे पाहिलं. ओठाचा उजवा कोपरा खाली आला होता.

शिबिरात त्या आरोग्यवाल्या बाईंनी काय सांगितलं होतं, तुला आठवतं? तू माझ्या शेजारीच बसला होतास. तोंड वाकडं झालं, हात लुळा पडला, बोलणं अडखळलं, तर घड्याळाकडे पाहू नका, उचला आणि पळा. सिकलच्या पोरांना लहान वयातही मेंदूचा झटका येतो. त्यांनी आपल्याकडून ते तीनदा म्हणून घेतलं होतं. मला एकूण एक शब्द आठवला. माहीत नव्हतं असं मी म्हणू शकत नाही. तिच्या ओठाकडे पाहताना मला झटका हा शब्द आठवला, आणि मी घड्याळाकडे पाहिलं. एक वाजून बावीस मिनिटं झाली होती. तिसरा सामना साडेएकला होता.

मी म्हटलं, तू फक्त सांग, मी दाबते. तो सामना मी खेळले. तिला भिंतीला टेकवलं, पाठीमागे उशी दिली आणि फोन दोघींच्या मधे धरला. जबलपूरवाला आता शहाणा झाला होता, तो विष टाकून वाट बघत बसायचा. मी पाणकी आधी काढली, डासरी मुद्दाम मरू दिली, त्याला वाटलं आता खवलू बिनदाताचा, आणि रागाने म्हणा, घाईने म्हणा, त्याने शेवटी मारलं. एकदा, दोनदा, तिसऱ्यांदा. एवढं स्वच्छ डोकं माझं आयुष्यात कधी चाललं नव्हतं. खवलू उलगडला आणि स्क्रीनवर सोन्याची अक्षरं आली. दोन वाजायला चार मिनिटं कमी होती. मी रीनाचा खांदा हलवला, म्हटलं, जिंकलो! तिची मान दुसऱ्या बाजूला पडली.

रिक्षा, दवाखाना, तिथून गोंदिया, हे तुला माहीत आहे. मावशीला मी शाळेत फोन केला, ती हाताचं पीठ न धुता आली. गोंदियाला बाहेरच्या बाकावर मी तिला सगळं सांगितलं. सगळं म्हणजे मी जेवढं सांगू शकले तेवढं. की रीनाचं तोंड वाकडं झालेलं मी पाहिलं होतं, आणि सामना संपवून उठले. मला वाटलं ती मला मारेल. ती बराच वेळ स्वतःच्या हातावरचं वाळलेलं पीठ खरवडत होती. मग डॉक्टर आले, म्हणाले, एक तासभर आधी आणली असती तर एवढं नसतं झालं. तू तेव्हा बसमध्ये होतास. रात्री पोचलास आणि पहिलंच विचारलंस, तिच्याजवळ कोण होतं. मी तोंड उघडलं होतं, लोकेश. मावशी माझ्या आधी बोलली. "मी होती घरी. आज शाळेत गेलीच नाही. डोकं दुखते म्हने, तेल लावून झोपवली. मले वाटलं नेहमीचंच हाये. आनंदी आली तवा तिनं रिक्षा आनली." तू तिच्याकडे पाहिलंस ते मी पाहिलं. माझ्याकडे वळून तू म्हणालास, "बरं झालं तू आलीस." तेवढ्यावर मी गप्प झाले.

नंतर नळावर हात धुताना मी मावशीला विचारलं, काहून असं केलं? ती म्हणाली, "त्याले खरं सांगितलं तर तो तुले उंबऱ्यावर उभी नाही करनार. अन् माही पोरगी तुले सोडून कोनासंगं बसते? मी तं आई हावो. आईवर रागावून पोरगा जाईन कुठं?" तिला वाटलं होतं, तू आठ दिवस रागावशील. आठ महिने झाले. तू तिच्याशी शेवटचं जे बोललास ते दवाखान्याच्या जिन्यात, सगळ्यांसमोर. ते मी इथे लिहीत नाही. तुला आठवत असेल आणि तिला तर असेलच.

मधे मी स्वतःला खूप गोष्टी सांगितल्या. की तिने स्वतःच्या मर्जीने केलं. की खरं बोलले तर रीनाला दुपारी बघणारं कोणी उरणार नाही. की रीनालाही तो सामना संपवायचा होता. ही शेवटची गोष्ट मी मावशीलाही सांगितली होती, बाकावर, आणि तिने मान डोलावली होती, जणू तिला तेवढाच आधार पुरला. ती खोटी आहे. तिसरा सामना सुरू झाल्यावर रीनाने डाव्या हाताने फोन बाजूला सारला होता. एकदा नाही, दोनदा. दुसऱ्यांदा सारला तेव्हा तोंडाने काहीतरी म्हणाली, शब्द नव्हता तो, पण अर्थ मला कळला होता. मी तिचा हात धरून तिच्या मांडीवर ठेवला आणि म्हटलं, बस दहा मिनिटं, माझी राणी. तिला जिंकायचं नव्हतं. मला जिंकायचं होतं. तिच्या त्या अवस्थेत माझ्या डोळ्यांसमोर इंदूर होतं.

इंदूरहून दोन पत्रं आली, मग एक फोन आला. मी उचलला नाही. जबलपूरवाल्याने अभिनंदन लिहिलं होतं, इतकी सुंदर चाल मी पाहिली नाही म्हणून. मी खेळ पुसून टाकला. मागे एकदा फोनवर गाणं लावायला गेले आणि तो रीनासमोर धरला गेला, तेव्हा ती म्हणाली, "नोको." तिला काय आठवतं आणि काय नाही, डॉक्टर सांगू शकत नाहीत. मी घास भरवते तेव्हा ती तोंड उघडते. माझ्याकडे बघत राहते. मी डोळे खाली घालून भरवते.

हे मी आजच का लिहितेय ते सांगते. माफीसाठी लिहीत नाही, तुझी माफी घेऊन मी कुठे ठेवू? काल ज्योत्स्नाबाईंनी रीनाचा हात चोळता चोळता मावशीला सहज विचारलं, त्या दिवशी नेमकं झालं कसं. मी दारात धान्य निवडत होते. मला वाटलं मावशी नेहमीसारखं दोन शब्दांत उडवून लावेल. पण ती सांगू लागली, आणि सांगतच राहिली. "पोरगी डोकं धरून बसली होती. मी बाटलीतलं तेल कोमट केलं. बाहेर असा पाऊस होता का कौलातून पानी गळून राह्यलं होतं, मी म्हटलं थांबू दे, मग जाऊ. तिनं दोनदा मले हाक मारली, आई, आई, अन् मी म्हटलं, झोप वं चुपचाप." हे म्हणताना ती छाती पिटून रडली. लोकेश, त्या दिवशी पाऊस नव्हता. लख्ख ऊन होतं. आणि रीनाने तिला हाक मारली नव्हती, कारण ती तिथे नव्हतीच. ज्योत्स्नाबाई गेल्यावर मी तिला धरून म्हटलं, मावशी, तू शाळेत होतीस, मी होते घरात. तिने माझ्याकडे पाहिलं आणि मायेने माझ्या डोक्यावरून हात फिरवला. म्हणाली, "तू कायले स्वतःवर घेतं वं पोरी, मीच उशीर केला." ती मला वाचवायला बोलत नव्हती. तिला तेच खरं वाटतंय आता. आठ महिने तू तिच्याशी बोलला नाहीस, आणि तुझ्या न बोलण्याने ते खरं होऊन गेलं. माझं ती ऐकत नाही. रीनाला सांगता येत नाही. तुझ्याशिवाय तिला त्या दिवसातून बाहेर काढणारं कोणी नाही. मला उंबऱ्यावर उभी करू नकोस, हरकत नाही, मी दुपारी रीनाजवळ कोण बसेल ते ठरवून मगच पाऊल मागे घेईन. पण हे पत्र मिळेल त्या दिवशी ये. शाळेच्या हजेरीच्या वहीत त्या गुरुवारी तिची सही आहे, मी जाऊन पाहून आले. तिला तिथे घेऊन जा आणि दाखव. ती तरीही म्हणेल की उशीर मीच केला. तिचं ऐकू नकोस.

तुझीच म्हणवून घ्यायचा हक्क आज इथेच ठेवून,
आनंदी